टेकच्या आधीचा आवाज

पनवेलच्या ज्या बँडचे दोन्ही अल्बम मी ध्वनिमुद्रित केले, त्या बँडने गेल्या वर्षी तासाभराची एक व्हिडिओ-मुलाखत दिली. तीत त्यांनी सांगितले, की त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची मुख्य ओळ गायकाला 'अशीच सुचली'. पुढे सांगितले, की दुसऱ्या अल्बममधला लोखंडाचा घुमारा हा संगणकातला इफेक्ट आहे. आणि शेवटी, हसत हसत, की त्या अल्बममधल्या ड्रमच्या झांजा कानाला टोचतात, कारण ज्या काकांनी तो मिक्स केला त्यांना वयोमानाने वरचे सूर ऐकू येत नव्हते. तीनदा सांगूनही त्यांनी ऐकले नाही. सबब, तो अल्बम आता मुंबईतल्या एका तरुणाकडून नव्याने मिक्स करून घेणार.

ते काका म्हणजे मी. मुलाखत घेणाऱ्याने माझी बाजू विचारली नाही, म्हणून ती मी लिहितो आहे.

नोकरीची सगळी वर्षे मी नभोवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षात काढली. तिथे एक शिस्त होती. फीत फिरू लागली, की वादकाने वाद्याला हात लावण्याआधी ध्वनिमुद्रकाने स्वतःच्या आवाजात घोषणा करायची : काय वाजणार आहे, कितवा टेक आहे, आधीच्या टेकमध्ये काय बिघडले. श्रोत्यांपर्यंत जाताना ती घोषणा कापली जाई, परंतु मूळ फितीवर ती कायम राही. माझे पहिले वरिष्ठ घोषणेविना आलेली फीत हातातसुद्धा घेत नसत. 'हिला आईबाप नाहीत,' असे म्हणून ती टेबलावरून परत सरकवत. फिती गेल्या, संगणक आले, मी निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहायला आलो. घोषणा सुटली नाही. या बँडची मुले तिला हसत. ड्रम वाजवणारा तर माझी नक्कल करी : "कांदेपोहे. टेक दोन. मीठ कमी." हसोत. त्या घोषणांमुळेच आज माझ्याकडे पुरावा आहे आणि त्यांच्याकडे केवळ आठवणी.

बँडमध्ये तिघे आहेत. गायक नेरे गावचा. त्याच्या आजोबांनी उरणच्या मिठागरांत हयात घालवली आणि वडिलांनी घरच्या जमिनीवर फार्महाऊस बांधले. ड्रमरच्या वडिलांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्यांचा व्यापार आहे. बेस गिटार वाजवणारी मुलगी माझ्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, एका कंपनीत नोकरी करते, आणि तिघांत सगळ्यांत कमी बोलते. तिनेच मला या प्रकरणात आणले. माझ्या मागच्या खोलीतले मायक्रोफोन तिने एकदा पाहिले आणि विचारले, "काका, हे चालू आहेत का?" मी म्हणालो, "मी चालू आहे, तर तेही चालू आहेत."

पहिला अल्बम नेऱ्याच्या फार्महाऊसवर झाला. गायक सांगतो, की चार दिवसांत सहज झाला. चार दिवस केवळ खोलीचा आवाज मारण्यात गेले होते. भिंतींना गोधड्या टांगल्या, त्यासुद्धा त्याच्याच आईच्या. गाणी ही मुले मोबाइलवर लिहीत आणि मोबाइलवरच खोडत, त्यामुळे काल काय होते ते आज कुणालाच ठाऊक नसे. मिठागराच्या गाण्याचे दुसरे कडवे तीन आठवडे अडले होते. त्यात समुद्र होता, आठवण होती, डोळ्यांतले खारे पाणी होते. जे कुणीही कुठेही बसून लिहील ते सगळे होते. मी म्हणालो, "मीठ होते कसे, ते तरी या गाण्याला ठाऊक आहे का?" गायक चिडला. त्याची आई तांदळाच्या भाकऱ्या वाढत होती. तिने मान वर न करता सांगितले, "त्यात काय? पानी उबं रायलं का मीठ बसतं."

दुपारी ती ओळ, शहरी बोलीत धुऊन-पुसून, कडव्यात बसली : पाणी उभं राहिलं की मीठ बसतं. आज लोक ती अंगावरच्या सदऱ्यांवर छापून घेतात. ती गायकाला 'अशीच सुचली'! माझी घोषणा काय म्हणते ते पाहा : "मिठागर. दुसरे कडवे, आईच्या वाक्यासह. टेक चार." ज्या बाईच्या गोधड्या वापरल्या, भाकऱ्या खाल्ल्या आणि वाक्य घेतले, तिचे अल्बमवर नाव नाही. मी तेव्हाच सुचवले होते. गायक म्हणाला, "आईला कुठं कळतंय त्यातलं?" तिला मीठ कळते. याला दोन्ही कळत नाहीत.

दुसरा अल्बम कळंबोलीला, ड्रमरच्या वडिलांच्या गोदामात मुद्रित केला. बाजार बंद असे त्या रविवारीच आम्ही जात असू. एरवी क्रेन आणि ट्रक तिथे माणसाचे बोलणेही ऐकू देत नाहीत. पहिल्याच रविवारी ड्रमवर काठी पडली आणि मागच्या रांगेतले पत्रे आपोआप गुणगुणू लागले. ड्रम थांबला तरी पत्रे थांबेनात. ड्रमरने कपाळाला हात लावला. "काका, गोणपाटं टाकू या सगळ्यांवर. वाट लागली ही." मी त्याला थांबवले. एका थप्पीपासून दुसऱ्या थप्पीपर्यंत कान लावत गेलो, तिसऱ्या थप्पीच्या पोटाशी मायक्रोफोन ठेवला, आणि बाकीच्यांवर गोणपाटे टाकायला लावली. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस सगळी वाद्ये थांबल्यावर जो घुमारा राहतो, ज्याच्याविषयी परक्या गावचे लोक ड्रमरला पत्रे लिहितात, तो त्याच्या वडिलांच्या मालाचा आवाज आहे. इफेक्ट म्हणे! घरच्या लोखंडाची लाज वाटावी इतका हा मुलगा कधी मोठा झाला, ते मला कळले नाही.

मिक्सिंग माझ्या मागच्या खोलीत झाले. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित झालेले असते. कुणाला किती पुढे आणायचे, कुणाला किती मागे ढकलायचे, हे ठरवणे म्हणजे मिक्स. मी एकटाच बसत असे. अधूनमधून बेसवाली मुलगी कामावरून परतताना दार ढकलून यायची, कोपऱ्यात उभी राहून ऐकायची, आणि जायची. मिक्स पुरा झाल्यावर त्याच्याही तोंडाशी मी घोषणा करत असे. झांजा मला मागे पडलेल्या, कापसात गुंडाळल्यासारख्या वाटत होत्या. मी त्यांचा ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, उचलला. पुन्हा उचलला. अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा कुणीतरी लिहिले, की हा हेडफोनवर ऐकू नका, दात शिवशिवतात. मी ते अडाणीपणाचे लक्षण मानले.

मुलाखतीनंतर महिन्याभराने तिघे माझ्या घरी आले. मूळ टेक असलेली हार्ड डिस्क माझ्याकडे होती. गायकाच्या लॅपटॉपवरची प्रत लॅपटॉपबरोबरच गेली होती. डिस्क नाही तर नवा मिक्स नाही. पत्नीने चहा ठेवला. चहा संपेपर्यंत कुणी मुद्द्यावर येईना.

"काका, चिल ना," ड्रमर म्हणाला. "इंटरव्ह्यूत थोडं फेकावंच लागतं."

"मग स्वतःविषयी फेका. माझ्या कानांविषयी कशाला?"

"वय सगल्यांचंच होतं," गायक म्हणाला. "त्यात आमी काय वाईट बोललो?" रागावला की त्याची गावची बोली परत येते, आणि मला तो तेवढ्यापुरता आवडतो.

"तीनदा सांगितले, असे म्हणालात. कुणी सांगितले?"

"मी," बेसवाली म्हणाली. "झांजांत करकर आहे, असं सांगितलं होतं. तीनदा."

"एकदाही नाही."

"काका, मी तुमच्या खुर्चीच्या मागेच उभी होते."

"उभी होतीस. बोलली नाहीस. सगळे काही त्या डिस्कवर आहे. प्रत्येक टेकच्या आधी माझा आवाज आहे. मी ती पहिल्यापासून ऐकेन, तुमची तिन्ही विधाने खोटी ठरवेन, आणि मगच डिस्क मिळेल. नव्या अल्बमवर माझे नाव राहील की नाही, तेही त्यानंतर बोलू."

"आमी काय चोर हाय का?" गायक उठला. "आमचीच गानी, आनि आमालाच नाय?"

"गाणी तुमची. घोषणा माझ्या."

ते गेल्यावर पत्नी कप उचलत म्हणाली, "कानाशी डास गुणगुणतो तो तुम्हांला कळत नाही. चावला की कळतं. त्या पोरीशी कशाला भांडता?" मी ते जमेस धरले नाही. ती साक्षीदार नव्हती.

पुढचे चार दिवस दुपारी मी मागच्या खोलीत बसलो आणि सारे क्रमाने ऐकले. केवळ घोषणा ऐकून पुढे जाता आले असते. तरीही मी टेकही ऐकले, कारण अर्धा पुरावा वाचणाऱ्याला मी वकील मानत नाही. 'आईच्या वाक्यासह' सापडले. "लोखंड वाजते आहे. वाजू द्यावे. मायक्रोफोन तिसऱ्या थप्पीस" हेही सापडले, आणि त्याच्या पाठोपाठ ड्रमरचे, दुरून, "काका वेडे झालेत" हेसुद्धा. मी वहीत दोन्हींची नोंद केली. माझे अक्षर त्या दिवशी फार सुबक आले.

चौथ्या दुपारी मिक्सच्या फाइली उघडल्या. शेवटच्या गाण्याचा मिक्स दुसरा. माझा आवाज, जरा कंटाळलेला : "मिक्स दुसरा. झांजांत करकर असल्याची बेसची तक्रार. करकर आढळली नाही." मी फाइल थांबवली. मग पुढची उघडली. "मिक्स तिसरा. बेसची तीच तक्रार. दुर्लक्ष केले." आणि पुढची, मिक्स चौथा, जो अल्बमवर गेला : "करकर असल्याची तक्रार, तिसऱ्यांदा. करकर नाही. झांजा आणखी उचलल्या. मिक्स कायम."

तिसऱ्यांदा. हा शब्द मुलीचा नव्हे. माझा होता, माझ्या स्पष्ट उच्चारात, आकड्यावर किंचित जोर देऊन, जसा जोर द्यायला मी आयुष्यभर नवख्यांना शिकवला.

मी विसरलो होतो, असे म्हणणे सोयीचे आहे आणि मी ते म्हणणार नाही. विसरायला आधी मनात घ्यावे लागते. तिचे म्हणणे मी मनातच घेतले नव्हते. घोषणेत घातले, जसे पंख्याचा आवाज आला तर घालतो. मी ती झांज पुन्हा लावली. पुढे सरकून, स्पीकरला कान भिडवून ऐकली. मला तेव्हाही करकर ऐकू आली नाही. झांज मऊ होती, दूर होती, कापसात होती. त्या खोलीतले सगळ्यांत भयंकर ते होते.

ती घोषणा पुसायला दहा सेकंद पुरले असते. प्रत एकच होती, ती माझ्या हातात होती, आणि माझ्याशिवाय ती कुणी ऐकली नव्हती. हा विचार मला आला, हेही मी इथे नोंदवतो. ज्यांनी तो येऊ दिला नसता त्यांनी मला खुशाल नावे ठेवावीत. अशी माणसे मला भेटलेली नाहीत.

संध्याकाळी ती कामावरून परतताना मी दारातच उभा होतो. "आत ये," म्हणालो. तिने चपला काढल्या आणि नेहमीच्या कोपऱ्यात उभी राहिली. "तिथे नको. खुर्चीत बस." मी तीन फाइली एकामागून एक लावल्या. ती माझ्याकडे न पाहता ऐकत होती. तिसऱ्या घोषणेनंतर झांज सुरू झाली, तसे तिने डोळे घट्ट मिटले, जसे लिंबू दाताखाली आल्यावर मिटतात. तिला जे टोचले, ते मला केवळ तिच्या चेहऱ्यावर दिसले.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता डिस्क घेऊन जा."

"त्या दोघांना हे ऐकवू?"

"ऐकव. पण 'आईच्या वाक्यासह' आधी, 'लोखंड वाजते आहे' त्यानंतर, आणि हे शेवटी. क्रम बदलू नकोस."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "हा तुकडा हवा तर कापते, काका. त्या मुंबईच्या मुलाला याची गरज नाही."

"घोषणा कापायची नसते," मी म्हणालो. "आणि अल्बमवर लिहिताना ध्वनिमुद्रणापुढे माझे नाव ठेवा, मिक्सिंगपुढे नको. उपकार म्हणून एकही अक्षर जास्त नको, आणि दया म्हणून तर मुळीच नको."

नवा मिक्स महिन्याभराने ऐकायला आला. झांजांविषयी मी मत दिले नाही. पत्नीला शेजारी बसवले आणि तिला टोचते का ते विचारले. "नाही टोचत," ती म्हणाली. तेवढ्यावर तो प्रश्न मिटला. मात्र शेवटच्या गाण्याच्या अखेरीस लोखंडाचा घुमारा जेमतेम उठतो न उठतो तोच कुणीतरी तो खाली दाबून संपवला होता, जणू दाराशी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावावे. मी तत्काळ गायकाला फोन केला.

"लोखंड मध्येच तोडले आहे."

"काका, खरंच आईकू आलं तुमाला?"

"पत्रा खालच्या सुरात घुमतो. तिथवर माझे कान शाबूत आहेत. तुझ्या मुंबईवाल्याला सांग, जेवढे वाजले तेवढे वाजू दे."

"सांगतो."

"आणि पहिल्या अल्बमवर तुझ्या आईचे नाव?"

तो काहीतरी पुटपुटला. काय ते मला नीट ऐकू आले नाही, आणि या वेळी दोष माझ्या कानांचा नव्हता. मी म्हणालो, "मोठ्याने बोल. मी नोंद करतो आहे."