तलाव भरेना, कारण रस्ता माझा होता

तलावाची मोजपट्टी ऑक्टोबरातच अर्ध्याच्या खाली गेली होती. मोजपट्टी म्हणजे पाण्यात उभी केलेली, आकडे रंगवलेली पट्टी. आमचा व्हॉल्व्हमन काशिनाथ रोज सकाळी तिचा आकडा फोनवर कळवायचा. त्या दिवशी आकडा सांगून म्हणाला, "मॅडम, शेवटच्या वाडीला यंदा लवकरच टँकर लागनार."

मी तेव्हा पेणला पाणीपुरवठ्याची उपअभियंता होते. पेण आणि रोह्याच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी हा तलाव आहे. त्यावर प्रादेशिक योजना आहे, म्हणजे एकाच तलावातून आणि एकाच फिल्टर प्लांटमधून नऊ गावांना नळ. पूर्वी गणपतीच्या आधी तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायचं. लागोपाठ दोन वर्षं सांडवा कोरडा राहिला. पाऊस कमी म्हणावा, तर नागोठण्याच्या बाजारात दोन्ही वर्षी अंबा नदीचं पाणी शिरलं होतं.

आमचे कार्यकारी अभियंता साहेब म्हणाले, "गाळ साचलाय. गाळ काढायचं एस्टिमेट करा. सोमवारी मीटिंग आहे."

"सर, गाळाने तलाव उथळ होतो. उथळ तलाव उलट लवकर भरेल. हा भरतच नाहीये."

"मग लीकेज असेल."

एक दिवस पंप बंद ठेवून मी पट्टी पाहिली. पाणी जवळजवळ हललं नाही. गळती नव्हती. म्हणजे पाणी तलावात येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काशिनाथला घेऊन मी तलावाला मिळणाऱ्या ओढ्याने वर चालत गेले. वाटेत हिराबाई भात कापत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. काशिनाथने मी कोण ते सांगितलं, तशा त्या विळा हातात घेऊनच उभ्या राहिल्या.

"पानी शोधताव व्हय? माझ्या शेतात हाय तुमचा तलाव."

"म्हणजे?"

"दोन सालं आवण कुजतंय माझं. तुमचा रस्ता झाला नि वहाळ इकडं वळला. दोन अर्ज दिले गो हापिसात. कोन आलाच नाय."

वहाळ म्हणजे ओढा, आणि आवण म्हणजे लावणीची कोवळी रोपं. त्यांचे अर्ज मला आठवले. अर्जात शेताचं नुकसान दिसलं, म्हणून मीच शेरा मारून ते तहसीलला पाठवले होते.

रस्ता थोडा वर होता. फिल्टर प्लांटला तुरटी आणि क्लोरीनची गाडी जावी म्हणून आम्ही भराव घालून केलेला. ओढ्याच्या जागी खालून सिमेंटचा गोल पाईप टाकला होता. मी त्या पाईपाशी उभी राहिले, तर त्याचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा माझ्या गुडघ्याएवढं वर. पावसात पाणी भरावावर आपटायचं, पाईपापर्यंत चढण्याआधीच रस्त्याच्या कडेने वळायचं, आणि हिराबाईंच्या शेतातून थेट नदीला जायचं. पाईपाची लेव्हल ड्रॉइंगप्रमाणेच होती. ड्रॉइंग माझं होतं. जागा मी मे महिन्यात पाहिली होती, ओढा कोरडा असताना, गाडीतून न उतरता.

 

सोमवारी मीटिंगच्या आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"गाळाचं एस्टिमेट?"

"केलं नाही, सर. रस्ता तोडून, पाईपाच्या जागी ओढ्याच्या तळाच्या लेव्हलला स्लॅबची मोरी बांधावी लागेल. चूक डिझाइनची आहे."

"सही कोणाची आहे?"

"माझी."

साहेबांनी चष्मा काढला. "लेखी द्याल? मग मला नोटीस काढावी लागेल."

"देते, सर."

मंजुरीला वेळ लागला. तोवर शेवटच्या वाडीला टँकर सुरू झाला. मी तिथे जाऊन सगळं सांगितलं. एक बाई म्हणाली, "चूक तुमची, नि हंडे आमच्या डोक्यावर."  टँकर वेळेवर येतो का, हे बघायला मी आठवड्यातून दोनदा जात राहिले.

मग एक अडचण आली. रस्ता तोडला की प्लांटचं सामान जाणार कुठून? दुसरी वाट, तीही ट्रॅक्टरपुरती, हिराबाईंच्या शेतातूनच होती. मी खाली मान घालून विचारायला गेले.

"ने गो ट्रॅक्टर," त्या म्हणाल्या. "पन जाताना पानी पन घेऊन जा तुझं."

मोरी मेअखेर पुरी झाली. त्या वर्षी ऑगस्ट संपायच्या आत सांडवा वाहिला. हिराबाईंचं आवणही तगलं.

नोटीस माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे. प्रमोशन एक वर्ष उशिरा आलं. तेव्हापासून ओढ्यावरच्या कामाची जागा मी भर पावसात, चालत जाऊन बघते. छत्री टिकत नाही, चिखलात चपला जातात. पण ओढ्याची खरी वाट तेव्हाच कळते, आणि ती सांगायला शेतात कोणीतरी उभंही असतं.