तिवराची मुळं आणि माझी सही

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले आणि मी आधी नवऱ्याकडे, आमच्या सुभेदारांकडे, पाहिलं. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना हे कालच कळलंय. त्या क्षणापासून मी कुणावरही विश्वास ठेवणं सोडलं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोरेगावकडचे, उसाच्या रानातले. डाव्या छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली. मिरजेच्या एका दवाखान्यात बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. आता मास्टेक्टॉमी, म्हणजे अख्खा स्तन काढायचा. "थांबलात तर पसरेल," डॉक्टर म्हणाले.

मी सही करेना. मरणाची भीती होतीच, पण सपाट छातीनं गावात तोंड कसं दाखवायचं, ही भीती मोठी.

नर्स गोड बोलली की मी गोळी उलटसुलट करून बघे. सुभेदार मोसंबी घेऊन आले. पंचवीस वर्षांत त्यांनी मला फळ आणलं नव्हतं. म्हणजे मी जाणार, हे नक्की!

त्यात सुमनताई उगवली. रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. रेडिएशनसाठी, म्हणजे किरणांचा शेक घ्यायला, महिनाभर आलेली. मांडीवर वही घेऊन वॉर्डातल्या बायकांची चित्रं काढायची. मी ताडलं, ही डॉक्टरांचीच माणूस. बायकांना सहीसाठी वळवते.

मी तिची वही ओढूनच घेतली. पानावर एका बाईची सपाट छाती आणि खाली चिखलातून वर आलेले शेकडो खुंट. मला हसू फुटलं.

"आवं ताई, खोडवा असा असतोय व्हय? सरी न्हाई, काय न्हाई!" ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा ऊस येतो, तो खोडवा.

"हा ऊस नाही हो. खाडीतली तिवरं. चिखलात श्वास मिळत नाही, म्हणून हे झाड मुळंच वर काढतं. हे तोडलेले खुंट नाहीत, त्याची नाकं आहेत." मग हळूच म्हणाली, "आमच्याकडची तिवरं कोळंबीच्या तळ्यांसाठी तोडली. त्याच सुमाराला माझं ऑपरेशन झालं आणि नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून दोन्ही एकाच कागदावर येतात."

"म्हंजे मी सही करावी, आसंच ना?"

"मी कशाला सांगू? जीव तुमचा."

तिनं पडदा ओढला आणि पदर बाजूला केला. मी चष्मा लावून नीट पाहिलं. तिरकी शिवण, शेकानं काळवंडलेली कातडी, आणि वर माझ्याकडे बघून हसणारी जिवंत बाई.

संध्याकाळी सुभेदारांना म्हटलं, "कागद आणा."

"आणतो की. पर तू रडू नगंस," म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले.

मैत्रिणींनो, तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांचं ऐकाच, पण यातून गेलेली एखादी बाईही गाठा. दाखव म्हणा.

टाके निघाल्यावर मी सुमनताईपुढे बसले. बाकीच्या बायकांनी चित्रात तोंड काढू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "माझं काढ."

पुढं सांगलीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. माझ्या चित्रापाशी एक बाई थबकली, माझ्याकडे वळली. "तुमीच व्हय ह्या?"

"व्हय, मीच," मी म्हटलं. "काय इचारायचं ते इचारा."