पिशवीभर वजऱ्या

माझे बाबा मुंबईत जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून तिथे ती भोकाभोकांच्या हलक्या दगडांबरोबर ड्रममध्ये घुसळत. शिमग्याला गावी येताना बाबा झिजलेले दगड पिशवी भरून आणत. पूर्णगडातल्या आमच्या वाडीत घरोघरच्या न्हाणीत टाचा घासायला तीच वजरी असे.

एका शिमग्याला ते रिकाम्या हातांनी आले. "आता दगड बंद. जीन्स जुनी दिसायला पाण्यात एन्झाइम घालतात," म्हणाले. शेजारच्या काकी नाराज झाल्या. मीसुद्धा फुगून बसले.

"त्या दगडांचा गाळ कोण उपसायचा, हे विचारलंस कधी?" आई माझ्यावर कडाडली.

बाबाच उपसायचे. दगडांच्या भुग्याचा तो राखाडी चिखल कारखान्याच्या गटारातून रोज कमरेत वाकून फावड्याने काढायचे. एन्झाइम आलं आणि तो चिखल थांबला. जीन्सच्या रंगाचं निळं पाणी मात्र गटारातून अजून वाहतं, हेही बाबाच सांगतात.

आता ते कायमचे घरी आलेत. आज सकाळी विहिरीवरून दोन कळशा घेऊन ताठ चालत आले. माझ्या टाचांना भेगा पडल्यात. पडू देत.