वरचे साहेब आणि गल्लीतला ताणा

वरचे साहेब कधी कुणाच्या डोळ्यांत पाहून बोलल्याचे मला आठवत नाही. समोरच्या माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर त्यांची नजर टांगलेली असायची. पहिल्या दिवशी मला वाटले, माझ्या टोपीवर काही बसले आहे. मी टोपी काढून झटकली. ते म्हणाले, "टोपीचं काही नाही. तुझ्यामागे खिडकी आहे, खिडकीत ढग आहे. बाजूला हो." नोकरीच्या मुलाखतीत मला एवढेच विचारण्यात आले, आणि हे विचारणेही नव्हते.

वर्धा रोडच्या बाजूच्या माळावर ते कार्यालय होते. कोणते ते लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावर फायलींचे साहेब बसत आणि गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत हे. म्हणून हे वरचे साहेब. त्यांना हे नाव पसंत होते. कुणी काही गाऱ्हाणे घेऊन जिना चढला की त्यांचे ठरलेले वाक्य असे, "वर काय चाललंय ते मला विचारा. खाली काय चाललंय ते नगरपालिकेला विचारा." आणि आपण फार मार्मिक बोललो अशा समाधानाने ते पेन्सिलीला टोक काढायला लागत.

मी तेव्हा विणकरांच्या संघटनेसाठी पत्रके लिहीत असे. पत्रकांनी पोट भरत नाही, उलट पोलीस चौकीत उपाशी बसावे लागते. गणित बरे होते, म्हणून हंगामी निरीक्षकाची जागा मिळाली. पण खरे सांगायचे तर मी तिथे गेलो तो आमच्या गल्लीसाठी. माळावर एक यंत्र आले आहे, वादळ वीस कोसांवर असतानाच ते त्याला दिसते, अशी बातमी गोळीबार चौकापलीकडच्या आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत पोचली होती. ज्याला वादळ आधी दिसते तो ते आधी सांगू शकतो. सरकारी कार्यालयात दिसणे आणि सांगणे यांच्यामध्ये किती मोठा माळ पसरलेला असतो, हे मला अजून कळायचे होते.

यंत्र होते रडार. लढाई संपल्यावर उरलेले, अंगावरचा हिरवा रंग अजून तसाच. ते आकाशात रेडिओची लहर फेकी. ती पावसाच्या थेंबांवर आपटून परत येई आणि गोल काचेच्या पडद्यावर ढग पांढऱ्या डागासारखा उमटे. विमानांना "इकडून येऊ नका" सांगायला ते आणले होते. पण वरच्या साहेबांना विमानांचेही काही पडलेले नव्हते. त्यांना एकच वेड होते: गडगडाटी ढगाच्या पोटात हवा वर चढते ती किती वेगाने? ते म्हणत, "गार एवढी जड. ती ढगात वाढेपर्यंत खाली का पडत नाही? कुणीतरी खालून उचलून धरतंय. तो हात किती जोराचा, एवढंच मला मोजायचं आहे."

त्यासाठी त्यांची युक्ती अशी. ढगाच्या तोंडाशी फुगा सोडायचा. फुग्याखाली बांबूच्या काड्यांवर ताणलेला धातूचा पडदा, म्हणजे तो रडारला ठिपक्यासारखा दिसतो. दर मिनिटाला त्याचा कोन आणि अंतर वाचले की उंची निघते. फुगा आपला आपण किती चढतो ते साहेबांना पाठ. त्याहून जास्त जो चढला, तो हवेने चढवला. मात्र पाऊस उतरला की काचेवर दुधाळ गोंधळ होऊन ठिपका हरवे, त्यामुळे सगळा खेळ त्याआधीच्या काही मिनिटांचा. ही कल्पना सुंदर होती. मी नाइलाजाने कबूल करतो.

माणूस मात्र असा की त्याला चहा दिला तरी पेला उजेडात धरून पत्तीचे कण मधून वर कसे येतात आणि कडेने खाली कसे जातात हेच पाहत बसे. आमचे शिपाई शंकरराव म्हणायचे, "साहेब चहा पेत नाई गा, चहा पाह्यते." याच शंकररावांची आई वारली. साहेब घाटावर आले. मला वाटले, चला, इतके तरी आहे. चिता पेटली, शंकरराव मडके फोडून परतले, आणि साहेब माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "धूर सरळ वर गेला आणि मग एकदम वाकला. किती उंचीवर वाकला, पाहिलंस?" त्यांनी स्वतःच अंदाज बांधून डायरीत लिहिला. असल्या माणसाला विद्वान म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

विलायतेहून आलेले धातूचे पडदे संपले तेव्हा साहेबांना पहिल्यांदा खालच्या जगाची गरज लागली. मी म्हणालो, आमच्या गल्लीत जरीचे काठ विणतात, तांब्याची बारीक तारही विणतील. मी त्यांना तुळसामावशीकडे नेले. ही माझी सख्खी मावशी नव्हे, गल्लीची मावशी. नवरा गेल्यापासून माग तीच चालवी, आणि सारी गल्ली तिच्या तोंडाला भीत असे. साहेब मागाजवळ वाकून "तार जरा सैल ठेवा, बाई" असे सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, "तुमी आभाळाचे साहेब असान. मागावरचं मले नोका सांगू." साहेब मागापासून दोन पावले मागे सरले. त्यांना मागे सरायला लावणाऱ्या गोष्टी जगात फार थोड्या असाव्यात.

मग तिने विचारले, हे कापड कशाला? साहेबांनी चुलीवरच्या भाताच्या गंजाकडे बोट दाखवून, रटरटणारे पाणी मधून कसे वर उसळते ते दाखवले आणि ढगात असेच होते हे तिला पाच मिनिटांत समजावले. फायलींच्या साहेबांना दोन वर्षांत समजावता आले नव्हते.

"म्हंजे आंधी कुठं उठली ते तुमाले दिसते?"

"दिसतं."

"किती येळ आधी?"

"अर्धा तास. कधी पाऊण."

मावशीने धोटा खाली ठेवला. "मंग आमाले काहून सांगत नाई?"

इथे गल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या टेकूंवर ताणतात. त्याला पेजेची खळ लावतात आणि वाळेपर्यंत चार माणसे लांब कुंचे ओढत फिरतात. सकाळी एक ताणा होतो. लग्नसराईत दुपारी ऊन कलल्यावर दुसरा. ओल्या खळीवर वादळाची धूळ बसली, पाऊस पडला, की हजारो धागे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. महिन्याचे विणकाम एका झोतात जाते. गुंडाळून घरात घ्यायला अर्धा तास भरपूर, घाईने दहा मिनिटांतही होते. आम्हांला कुणाकडून दान नको होते, अर्धा तास हवा होता!

साहेब म्हणाले, "माझं काम उंचीचं आहे, बाई. ढग कुठे जातो हे माझ्या प्रश्नात येत नाही."

"तुमच्या प्रश्नात नाई येत," मावशी म्हणाली, "पन आमच्या गल्लीत येते ना!"

मी अर्ज केला. गल्लीच्या तोंडाशी लाकडाच्या वखारीत टेलिफोन होता. वखारवाला ओरडून सांगायला कबूल होता. वादळ शहराकडे वळले की एक फोन, बस्स. साहेबांनी अर्जावर पेपरवेट ठेवले आणि म्हणाले, विमानांखेरीज कुणाला सूचना देण्याची तरतूद नाही. तो अर्ज तिथे पिवळा पडला. मी मावशीला म्हणालो, "तरतूद गेली खड्ड्यात. मी आहे ना तिथं. दिसलं की मी फोन करीन. तू बिनघोर ताणा लाव." तिने त्या हंगामात दुपारचे ताणे लावले ते माझ्या या शब्दावर.

वैशाखातली ती दुपार. पश्चिमेला वाडीच्या बाजूने ढग उभा राहिला, फुलकोबीसारखा, कडा अगदी कातीव. आधीचे तीन फुगे वाया गेले होते. एक फुटला, दोन ढगाला बगल देऊन निघून गेले. चौथा, मावशीच्या तांब्याच्या कापडाचा, थेट ढगाखाली शिरला. मी पडद्यापाशी बसलो, साहेब टेबलाशी. मी कोन आणि अंतर सांगे, ते उंची काढत. पहिली काही मिनिटे नेहमीसारखी गेली. मग ठिपका जो सुटला, तो एका मिनिटात तीन मिनिटांचे चढला. पुढच्या मिनिटात त्याहून जास्त. साहेबांनी उंची दोनदा काढून पाहिली. ते म्हणाले, "हा चढत नाहीये रे. हा वर पडतोय!"

त्याच वेळी मला दिसले की पांढऱ्या डागाची कड पूर्वेला सरकते आहे. मी म्हणालो, "साहेब, ढग इतवारीकडे, आमच्या गल्लीकडे निघाला. वखारीत फोन करू?"

ते मान वर न करता म्हणाले, "कोन सांग."

मी कोन सांगितला. पुढच्या मिनिटाला पुन्हा सांगितला. ठिपका दुधात विरघळेपर्यंत मी अकरा वेळा कोन सांगितला. मग उठून फोन फिरवला. वखारवाला ओरडत होता, "आता काय सांगून राहिला गा? इथं पत्रे उडून राहिले!"

मी सायकल मारत गल्लीत पोचलो तेव्हा बांबू आडवे पडले होते. तीन घरांचे ताणे होते त्या दिवशी. चिखल लागलेल्या सुताचे दोर झाले होते आणि बाया ते सोडवायचा प्रयत्नही करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब गल्लीत आले. लोक उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटले, माणूस लाजेने आला. साहेबांनी डायरी उघडली आणि मावशीला विचारले, "आधी वारा आला की आधी पाऊस?"

मी तिथेच त्यांची गचांडी धरणार होतो. पण मावशी सांगू लागली. आधी सगळे थबकले, मारुतीच्या देवळावरचे निशाण लुळे पडले. मग धूळ आमच्याकडून ढगाकडे गेली, जसे कुणी ओढून घ्यावे. मग तिकडून जमिनीसरशी गार झोत आला, विहिरीतून यावा तसा गार, आणि ताणा खालून कमानीसारखा उचलला गेला. साहेब झरझर लिहीत होते. "म्हणजे वर गेलेली हवाच खाली आली!" ते आनंदाने म्हणाले.

"आली ना," मावशी म्हणाली. "आमच्याच ताण्यावर आली."

ते साहेबांनी लिहिले नाही. पुढे त्यांच्या अहवालात मी वाचले: 'एका स्थानिक निरीक्षकाच्या सांगण्यानुसार.' नाव नाही, ताणा नाही, गल्ली नाही. तांब्याचे कापड कुणी विणले तेही नाही.

मी राजीनामा दिला आणि पत्रक काढले. 'आकाश पाहणाऱ्यांनो, खाली पाहा!' सीताबर्डीवर उभा राहून मी ते वाटले. टेलिफोन हाताशी असताना अधिकाऱ्याने मनाई केली, असे त्यात ठळक टाइपात होते. आठवड्याने शंकररावांच्या हाती त्याची एक प्रत परत आली, तांबड्या शाईने तपासलेली. हवेच्या वेगाचा मी टाकलेला आकडा खोडून बरोबर आकडा घातलेला होता. मी त्यांना लावलेल्या 'नराधम' या शब्दाला हात लावलेला नव्हता. 'मनाई केली' यापुढे मात्र एक बारीकसे प्रश्नचिन्ह होते. मी ते पत्रक फाडून टाकले. पण तेव्हापासून आकडा दोनदा तपासल्याशिवाय मी काही छापायला देत नाही. ही सवय साहेबांची. ती मला आवडत नाही, सुटतही नाही.

वर्षभरात त्यांची बदली झाली. मी स्टेशनवर गेलो तो पडलेले तोंड पाहायला. तोंड पडलेले नव्हते. निरोपाला शंकरराव आणि मी, दोघेच. साहेब डब्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "मी 'कोन सांग' म्हणालो. 'फोन करू नकोस' असं म्हणालो नव्हतो. फोन तुझ्या हाताशी होता."

"तुम्ही साहेब होतात!" मी ओरडलो.

"होतो," ते म्हणाले. "आणि तुला पुढचा कोन पाहायचा होता. मलाही." गाडी हलली. हे सरकारी माणसाचे अंग काढून घेणे होते, दुसरे काही नव्हते, असे मी त्या क्षणी स्वतःला बजावले आणि आजही म्हणतो. वरच्याने हात झटकायचे आणि दोष खालच्याच्या माथी मारायचा, याचा निषेध करताना मी कधी थकलेलो नाही.

पण स्टेशनवरून मी घरी गेलो नाही. गल्लीत ताणा लावलेला होता आणि मावशी कुंचा ओढत होती. मी तिच्या बरोबरीने चालू लागलो. "मावशी, त्या दिवशी मला कुणी अडवलं नव्हतं," मी म्हणालो. "मीच उठलो नाही."

तिने कुंचा थांबवला नाही. "मालूम हाये मले."

"कुणी सांगितलं? शंकररावांनी?"

"तूनंच," ती म्हणाली. "सायकलवरून उतरला अन् पहिले काय बोलला, आठोते का? 'मावशी, तुहं कापड लय वर गेलं!' ताण्याचं मंग इचारलं."