गडदे बाईंचा तिसरा प्रश्न

"इंग्रजी शाळेची दिसती. हिला पेपरातल्या जाहिरातीच तेवढ्या कळत असतील."

पालमच्या वाचनालयाच्या दारात मी चपला काढत होते, तेव्हा हे वाक्य कानावर आलं. बोलणाऱ्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. जाड काचांचा चष्मा, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, आणि समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवलेला तळहात. दारातूनच मी 'न्यूजपेपर कुठे असतात' असं विचारलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी माझी शाळा ओळखली होती. शेजारी बसलेले माणिकराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, हळूच म्हणाले, "बाई, ऐकू जायलंय तिला."

"जाऊ दे की. खोटं हाय का?"

मी परत फिरले असते. पण बँकेच्या पालम शाखेत रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. संध्याकाळी बँक सुटली की भाड्याची खोली, आणि खोलीत मी. परभणीला घर होतं, पण रोज जाऊन येणं जमत नव्हतं. म्हणून मी खाली मान घालून आत गेले. बाईंनी वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. "मराठी वाचता येतं?"

"येतं."

"मग वाच. पेपरचं नाव सांगू नको."

एका मोर्चाची बातमी होती. जोडाक्षरांना अडखळत मी दोन-तीन वाक्यं वाचली. बाईंनी हात वर केला. मग दुसरं वर्तमानपत्र पुढे आलं, त्याच मोर्चाची बातमी. पहिल्यात जनतेचा संताप होता, दुसऱ्यात वाहतुकीचा खोळंबा. बाईंनी न बघता दोन्ही वर्तमानपत्रांची नावं सांगितली आणि म्हणाल्या, "मोर्चा एकच. एक जण मोर्चात चालायलाय, दुसरा मोटारीत बसून हॉर्न वाजवायलाय. आता सांग, कळल्या का निस्त्या जाहिराती?"

माणिकराव हसले. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "मघाचं बोलणं मागं घेते. अर्धं."

त्या गडदे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं होतं. घर मेंढपाळांचं. त्या घरातून शाळेत गेलेली ही पहिली मुलगी. लग्न केलं नाही. धाकटे भाऊ नामाभाऊ गावाबाहेर शेळ्या-मेंढ्या राखत, बाई बाजारामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड कळायचा, माणूस उभं आहे एवढं कळायचं, अक्षर दिसायचं नाही. तरी त्या रोज वाचनालयात येऊन वर्तमानपत्र समोर पसरून बसत आणि कोणी वाचून दाखवील याची वाट बघत. बहुतेक जण स्वतःचं वाचून निघून जात. मला एकदा म्हणाल्या, "बोलायला भिंत बी चालती गं. वाचायला माणूस लागतं."

अशी मी त्यांची वाचणारी झाले. मजकूर कोणताही असो, संपला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "कोण बोलायलंय? कोणाला सांगायलंय? अन् गप कोण हाय?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला लवकरच यायला लागली. तिसऱ्याला वेळ लागायचा, कारण गप्प माणूस मजकुरात नसतोच. धरणाच्या कालव्याची बातमी असली की पुढारी बोलत, अभियंता बोलत. बाई विचारत, "अन् ज्याच्या वावरातून कालवा गेला, ती बाई कुठंय?" बाई तिथे नसायची.

त्यांना मजकुरांचे स्वभाव पाठ होते. "जाहिरात लाडात येती," त्या सांगत. "नोटीस दटावती. लग्नपत्रिका एकाही चुलत्याला नाराज करत न्हाई. अन् बातमीला वाटतं, आपण कोणाचीच न्हाई. तिच्यावर सगळ्यात जास्त नजर ठेवायची." वाचनालयाच्या दाराशी एक फळा होता. पूर्वी त्यावर रोज सुविचार लिहायचे. बाईंनी ते बंद करून टाकलं. त्याऐवजी कुठूनतरी उचललेलं एखादं वाक्य लिहायला लावत, खाली कोणाचंही नाव नाही. येणाऱ्याने वाक्य वाचून सांगायचं, हे कोण बोललं असेल. माणिकराव प्रत्येक वेळी "आमदार" म्हणायचे आणि बऱ्याचदा बरोबर निघायचे.

"कळपातल्या सगळ्या मेंढ्या सारख्या दिसतात," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या, "ज्याला त्या राखायच्या नसतात, त्याला." नामाभाऊ शंभर मेंढ्यांतली लंगडणारी कोणाची लेक, हे सांगू शकत. "माणसाचं बी तसंच. 'ते लोक' म्हणलं की समजायचं, बोलणाऱ्यानं एक बी राखलेली न्हाई."

मी हे ऐकत होते आणि माझ्या खोलीचा विचार करत होते. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी आडनाव विचारलं होतं. 'जाधव' ऐकल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. "जाधव म्हणजे आपल्यातलेच की," म्हणाल्या आणि किल्ली दिली. जाधव अनेक असतात. मी काही बोलले नाही. पुण्यात माझ्या ताईला खोली शोधताना काय काय ऐकावं लागलं, ते मला माहीत होतं. काकू चांगल्या होत्या. सणाला पुरणपोळी आणून द्यायच्या, ताप आला तर काढा करायच्या. प्रत्येक वाटीबरोबर मला वाटायचं, ही वाटी नक्की कोणासाठी आलीय? परभणीहून बाबा यायचे म्हणाले की मी टाळायचे. बाबांच्या फोनची सुरुवात "जय भीम, बेटा" अशी होते, म्हणून मी खोलीत फोन घेताना दार लावून घ्यायचे.

बाईंनी मला आडनाव कधी विचारलं नाही. त्या मला 'बँकवाली' म्हणत. वाचनालयात मी फक्त बँकवाली होते. पालममध्ये एवढी एकच जागा होती, जिथे मी मोकळा श्वास घ्यायचे.

एका संध्याकाळी नामाभाऊ वाचनालयात आले. डोक्याचा पटका सुटलेला, हातात मोबाईल. "अक्का, चार शेळ्या गेल्या. सकाळधरनं हुडकायलोय." गावातल्या कोणत्यातरी व्हॉट्सॲप गटावर एक मेसेज आला होता. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "मॅडम, वाचा बरं अक्काला."

मी वाचला. 'सावधान. आपल्या भागात शेळ्या चोरणारी टोळी सक्रिय. बौद्ध वस्तीतली काही पोरं सामील असल्याची खात्रीलायक माहिती. जास्तीत जास्त पाठवा.' खाली दोन मुलांचा फोटो होता. मुलं मोटारसायकलवर बसून नुसतीच हसत होती.

मी थांबले. आता बाई हात वर करतील, तीन प्रश्न विचारतील, असं मला वाटलं. एवढा सोपा मजकूर त्यांनी आजवर मला कधी दिला नव्हता. बाईंनी भावाकडे तोंड केलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

"जा ठाण्यात सांगून ये. वस्तीतली पोरं तसलीच असतात."

माणिकरावांनी मान हलवली. नामाभाऊ गेले. बाई म्हणाल्या, "हं, बँकवाली, पुढचं वाच." मी पुढचं वाचलं. काय वाचलं ते मला आजही आठवत नाही. शेवटी त्यांनी कोणताच प्रश्न विचारला नाही आणि मीही उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी वाचनालयात गेले नाही. बँकेतून खोलीवर, खोलीवरून बँकेत. खिडकीतून बाजारामागची गल्ली दिसायची. भिंतीला हात लावत चाललेल्या बाई दिसायच्या, मी पडदा ओढून घ्यायचे. वस्तीतल्या त्या दोन मुलांना ठाण्यात बसवून ठेवलं होतं, असं काकूंनीच सांगितलं. भाजी निवडता निवडता. मी कोथिंबिरीची पानं खुडत राहिले.

एक दिवस माणिकराव पासबुक घेऊन बँकेत माझ्या खिडकीशी आले. पासबुक भरून झाल्यावरही हलले नाहीत. "मॅडम, बाईंचा पेपर रोज तसाच पडून ऱ्हातो. मी वाचतो म्हणलं, तर म्हणतात, तू कंडक्टर हायेस, प्रत्येक ओळीला थांबा घेतोस."

मग थोडं थांबून म्हणाले, "शेळ्या सापडल्या. नामाभाऊचा साडू कळप घेऊन जिंतूरकडं चालला होता, त्याच्यात मिसळल्या. दोघांच्या जनावरांच्या पाठीला रंगाची खूण एकच. साडूला बी मुक्कामाला पोचल्यावर कळलं."

त्या संध्याकाळी मी गेले. बाई नेहमीच्या जागी होत्या. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं, पण इतके दिवस कुठे होतीस असं विचारलं नाही. "खडू घे," म्हणाल्या. "आजचं वाक्य लिही."

मी फळ्यापाशी उभी राहिले. त्या सांगायला लागल्या. "वस्तीतली पोरं तसलीच असतात."

माझा हात थांबला.

"लिही की. अन् आज खाली नाव बी घाल. गडदे बाई."

मी लिहिलं. आत बसलेल्या माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. बाई मोठ्याने, वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. "कोण बोलायलंय? शेळ्यावाल्याची बहीण. लिही. कोणाला सांगायलंय? तिच्यासारख्याच माणसांना, जी मान हलवणार हायेत. लिही." माणिकराव जमिनीकडे बघायला लागले. "अन् गप कोण हाय?"

मी तेवढा प्रश्न लिहिला आणि पुढे खडू टेकवून उभी राहिले.

"ती जागा सोड," बाई म्हणाल्या. "मला दिसत न्हाई. ज्याला ठावं हाय, तो लिहील."

दुसऱ्या दिवशी माणिकरावांच्या हाताला धरून बाई वस्तीत गेल्या, त्या दोन मुलांच्या घरी. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "चहा चांगला होता," एवढंच. फळ्यावरचं वाक्य मात्र त्यांनी पुसू दिलं नाही. नवीन वाक्यं फळ्याच्या उरलेल्या भागात बारीक अक्षरात यायला लागली. मी रोज त्या रिकाम्या ओळीजवळून आत जायचे, त्यांच्या शेजारी बसून वाचायचे, आणि त्याच ओळीजवळून बाहेर पडायचे. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. मला कधी वाटायचं त्यांना कळलंय, कधी वाटायचं नाही.

तुरीच्या काढणीनंतर बाईंना उरलासुरला उजेडही दिसेनासा झाला. नाशिकची भाची त्यांना कायमची घेऊन जाणार होती. वाचनालयाने निरोपाचा सत्कार ठेवला. बाईंना सत्कार आवडत नसत. "जित्या माणसाला श्रद्धांजली," असं त्या म्हणत. तरी शाल पांघरून त्या खुर्चीत बसल्या. पहिल्या रांगेत नामाभाऊ, त्यांच्या मागे माणिकराव, आणि दुसऱ्या बाजूला बायकांत माझ्या घरमालकीण काकू. बाईंनी काकूंच्या दोन्ही मुलींना शिकवलं होतं. भाषणं झाली. ज्ञानगंगा, दीपस्तंभ, सगळं झालं. बाई ऐकत राहिल्या, मग भाचीच्या हातातला माईक चाचपून घेतला.

"कोण बोललं ते ऐकलं," त्या म्हणाल्या. "कोणाला बोललं ते बी कळलं, निघालेल्या म्हातारीला. माझी गाडी थोड्या येळानं हाय. आता सांगा, गप कोण हाय?"

सगळे हसले. हसणं संपलं, तरी बाईंनी माईक खाली ठेवला नाही. त्या वाट बघत होत्या, वर्तमानपत्र समोर पसरून बघायच्या तशी. त्यांचं तोंड माझ्या बाजूला नव्हतंही, भिंतीकडे होतं. माझ्यापासून दोन खुर्च्यांवर काकू होत्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मी उभी राहिले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि बाईंनी मान वळवली.

"बाई, गप्प मी होते," मी म्हणाले. "मी रश्मी जाधव. आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही 'वस्तीतली पोरं' म्हणालात, तेव्हा मी तुमच्या शेजारी बसले होते."