जुनी पेंड संपण्याआधी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर माझ्या आत्याचे. लांज्याला तिच्या गोठ्यात तीन म्हशी. त्यांचं दूध हॉटेलांना घालून तिने मला कॉलेजात शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आणि नोकरी लागली तीही म्हशींच्याच कृपेने, अंधेरीत, पशुखाद्य आयात करणाऱ्या कंपनीत.

आम्ही सूर्यफुलाची पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, परदेशातून मागवतो आणि उपनगरातल्या तबेल्यांना पुरवतो. ज्या देशातून ती यायची, त्याच्यावर व्यापारी निर्बंध आले. जनावरांच्या खाद्याला सूट होती. पण जहाजाचा मालक निर्बंधांच्या यादीत निघाला आणि बँकेने पैसे पाठवायला नकार दिला. माल तिकडच्याच बंदरात अडकला. साहेबांनी घाईघाईने गुजरातहून सरकीची पेंड आणवली.

तिची पोती घेऊन मी जोगेश्वरीच्या तबेल्यात गेलो. शेठ म्हणाले, "ठेव तिकडे कोपऱ्यात. आधी जुनी संपवू, मग ही काढू."

सगळे तबेलेवाले हेच करत होते. जुनी पेंड जेमतेम आठवडाभराची उरली होती.

"शेठ, जुनी संपली की नवी मिसळणार कशात? एकदम बदललं तर म्हशी तोंड फिरवतील."

"ए मास्तर, दूध कमी झालं ना, तर माझी गिऱ्हाइकं गेली. वाट लागेल यार. मग निम्म्या म्हशी विकतो आणि उरलेल्यांचं शेण काढायला तुला ठेवतो."

"शेण काढता येतं मला. लहानपणापासून काढलंय."

शेठ हसले, आणि ऐकू लागले. मी आत्याची रीत सांगितली: आजपासूनच जुनीत थोडी नवी, रोज जराशी जास्त, वरून गुळाचं पाणी.

तिथूनच साहेबांना फोन लावला. सगळ्या तबेल्यांना आजच कळवूया म्हटलं.

"दूध आटलं तर बोलणी मला खावी लागतील. तू उभा राहशील माझ्या बाजूला?"

"राहतो, साहेब." साहेबांनी लगेच सगळ्या तबेल्यांना कळवायला सांगितलं.

त्यानंतर रोज ऑफिसआधी मी त्या तबेल्यात हजर. पहिल्या दिवशी सगळ्यांत थोराड म्हशीने हुंगून मान वळवली. शेठने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता पोतीच डोक्यावर घालतात. गूळ वाढवला. तिने जीभ लावली, मग तोंड घातलं, आणि गव्हाण चाटूनपुसून साफ केली.

जुनी पेंड संपली त्या सकाळी निव्वळ सरकी पडली. म्हशींनी मान वरसुद्धा केली नाही. दूध नेहमीइतकंच भरलं.

"झकास रे, मास्तर!" शेठने पाठीत असा रट्टा घातला की मी गव्हाणीला टेकलो. दुसऱ्या तबेल्यांतूनही तेच कळलं. पुढे माल दुसऱ्या जहाजातून निघाला, तेव्हा साहेब स्वतःच म्हणाले, "सांग सगळ्यांना, सरकी संपायच्या आधी मिसळायला घ्या."

त्या संध्याकाळी आत्याला पत्र लिहिलं:

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. मुंबईला निघताना तू म्हणालीस, आता गोठा विसर. विसरलो नाही, तेच बरं झालं. इथल्या म्हशी तुझ्या रीतीने जेवल्या आणि एकही विकावी लागली नाही. शेठची एक म्हैस व्याली. त्यांनी तुझ्यासाठी म्हणून खरवस दिला; तो लांज्यापर्यंत टिकला नसता, म्हणून तुझ्या वाटणीचाही मीच खाल्ला. गणपतीला येतो. गोठ्यातलं शेण मी काढीन, तू नुसती बसून राहा. तुझा भाचा."