सहा महिन्यांची तपासणी

बाजाराच्या कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं. एका खुर्चीमागे थोरला उभा राही, दुसरीमागे धाकटा. धाकट्याच्या हातात वस्तरा दिला तो थोरल्यानेच. फुग्याला फेस फासून, फुगा न फोडता तो साफ करायला लावायचा. धाकट्याने दोन डझन फुगे फोडले, तेव्हा कुठे त्याला पहिली हनुवटी मिळाली.

थोरल्याला हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, निघाला, तेव्हा बायकोखेरीज त्याने एकट्या धाकट्याला सांगितलं. गिऱ्हाइकांना पाठदुखीचं कारण दिलं, आणि गोळ्या चालू असेपर्यंत दुकानाची पायरी चढला नाही. गोळ्या संपल्या, आणखी तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर बसवलं.

"विषाणू गेला. आता तुमच्यापासून कुणालाही धोका नाही. पण यकृतावर व्रण राहिलेत. तिथे गाठ धरत नाही ना, हे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायचं. दारूला शिवायचं नाही. आणि अँटिबॉडीची तपासणी जन्मभर पॉझिटिव्हच येईल; ती जुन्या आजाराची खूण असते, तिला घाबरू नका."

"मी आणत जाईन दादाला," धाकटा म्हणाला. दोनदा आणलंही.

थोरला दुकानात परतला होता, पण हळूहळू त्याची खुर्ची रिकामी राहू लागली. आधी त्याला वाटलं, नव्या पोरांना धाकट्याचा हात आवडतो. पण अठरा वर्षांपासून त्याचे गिऱ्हाईक असलेले मास्तरही एका सकाळी त्याची खुर्ची मोकळी असताना बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले.

"मास्तर, या ना."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "राग मानू नकोस. तुझा भाऊच म्हणाला, तुझं ते काविळीचं दुखणं अजून गेलेलं नाही. दर सहा महिन्यांनी इस्पितळात जावं लागतं म्हणे."

धाकटा कात्री पुसत होता. मास्तर गेल्यावर थोरल्याने विचारलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते तू कानाने ऐकलंस ना?"

"मी खोटं काय बोललो? जातोस ना तू?" धाकट्याने मान वर केली नाही. "लोक विचारतात, दादा, आपण इस्पितळात कशाला जातो ते. लपवलं असतं, तर माझीही गिऱ्हाइकं तुटली असती."

परक्याने म्हटलं असतं तर थोरला भांडला असता. इथे त्याने आपल्या कात्र्या, कंगवे पिशवीत भरले आणि तो पायऱ्या उतरला.

तेव्हापासून तो घरोघरी जाऊन केस कापतो. आडून आडून चौकशी करणाऱ्यांना सरळ सांगतो, आजार होता, आता गेला. काही दार लावतात, काही बसतात.

तपासणीची पुढची तारीख आली तसा तो अडून बसला. "जायचंच नाही. गेलो की पुन्हा तेच बोलायला मोकळा तो."

बायकोने फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. "त्याच्या जिभेपायी तू तुझा जीव घालवणार का?"

तो एकटाच गेला. सोनोग्राफी स्वच्छ आली. फाइल मिटताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज भाऊ नाही आला?"

"कामात आहे," तो म्हणाला. बाहेर आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. अजूनही तो धाकट्यालाच पाठीशी घालत होता.